वादळाचा फायदा

"संघ आल्यापासून तुमचा धंदा किती वाढला?" रत्नप्रभा परबने छापील प्रश्न वाचून दाखवला. मैदानाच्या गेटबाहेर बसलेल्या अंजनाबाईने मासळी कापणारा कोयता थांबवून तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती खो-खो हसली.

"बाय, मॅचच्या दिवशी आमाना हितं बसूनच देत नाय. साहेबांच्या मोटारगाऱ्या लागतान. लिव तू, वाढला म्हून. तुना पन पगार मिलल."

रत्नप्रभाने कागदावर लिहिलं : घटला.

पाच वर्षांपूर्वी उपनगर क्रीडा मंडळाने नाहूर स्टेशनजवळचं आपलं मैदान 'मुलुंड वादळ' नावाच्या व्यावसायिक कबड्डी संघाला दिलं होतं. भाडं वर्षाला एक रुपया. गॅलरी, दिवे, गारेगार खोल्या, सगळं लोकांच्या पैशातून. वीज फुकट, पाणी फुकट, वर दरवर्षी रोख मदत. बदल्यात आजूबाजूची भरभराट होणार होती. दोन हजार नोकऱ्या, नवी हॉटेलं, पर्यटक. नाहूरला पर्यटक! एका कन्सल्टंटने तसं गुळगुळीत कागदावर रंगीत छापून दिलं होतं. रत्नप्रभा मंडळात आकडेवारीचं काम बघायची. तो अहवाल गरम पातेल्याखाली ठेवायच्याही लायकीचा नाही, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आता करार संपत आला होता. संघामुळे परिसराला नेमकं काय मिळालं ते शोधून लिहायचं काम मुख्य अधिकारी हर्षद कर्णिक यांनी तिच्याकडे सोपवलं होतं.

बारा दिवस ती उन्हातून फिरली. वादळ वर्षातून नऊ दिवस यायचं. एरवी गेटला कुलूप. त्याच मातीत पूर्वी कबड्डी खेळणाऱ्या भांडुपच्या मुली आता पुलाखाली खेळत होत्या. संघाचे खेळाडू विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरायचे, बसने यायचे, बसने जायचे; नाहूरचा चहासुद्धा त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता. प्रेक्षकांना पाण्याची बाटली आत नेता येत नव्हती, कारण आतलं पाणी आणि पॉपकॉर्न मालकाच्याच कंपनीचं होतं. दोन हजार नोकऱ्या शोधायला गेली तर अकरा सापडल्या. त्यातला एक जण राखाडी केसाळ पोशाख घालून वादळ म्हणून नाचायचा.

स्टेशनसमोर चंद्रप्रकाश राण्यांची खानावळ होती. निदान तिथे तरी गर्दी होत असेल, म्हणून ती आत शिरली.

"कसली गर्दी, मॅडम!" राणे म्हणाले. "जी माणसं शनिवारी माझ्याकडे बोंबील थाळी खायची, तीच त्या शनिवारी आत जाऊन पॉपकॉर्न खातात. माणसं तीच, खिसा तोच. नवीन आलाय कोण इथे?"

रत्नप्रभाने ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या मजेने तिने काही लिहिलं नव्हतं. परिसराला झालेला आर्थिक लाभ : शून्य. त्याखाली शिफारस : मदत बंद करावी. मैदान मुलींना परत द्यावं आणि बाहेरची जागा मॅचच्या दिवशीही मासळीवाल्यांकडेच ठेवावी. खाली तिने ठसठशीत सही केली.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सपनाने ते वाचून कपाळाला हात लावला. "ताई, निवृत्तीला सात महिने राहिलेत गं. पेन्शन लटकवून ठेवतील. जरा गोड लिही ना!"

"गोड लिहायला कन्सल्टंट बसलेत," रत्नप्रभा म्हणाली आणि फाइल आत नेऊन दिली.

घरी जाताना तिने अंजनाबाईलाही सांगून टाकलं, "सगळं खरं लिहिलंय. मॅचच्या दिवशीही बसायला मिळेल तुम्हाला." अंजनाबाईने तिच्या पिशवीत दोन बांगडे जास्त टाकले.

मंडळाच्या सभेत रत्नप्रभा भिंतीला टेकून उभी राहिली. झापलं तर काय बोलायचं, ते तिने पाठ केलं होतं. वादळचा मालक पहिल्या खुर्चीवर पाय पसरून बसला होता. कर्णिकांनी अहवाल वाचायला घेतला. अकरा नोकऱ्या वाचल्या, गेटचं कुलूप वाचलं, खानावळवाल्याचं म्हणणं वाचलं, शून्यसुद्धा स्वच्छ आवाजात वाचलं. एक शब्द गाळला नाही. मालक गंभीरपणे मान हलवत होता. रत्नप्रभाचा ऊर भरून आला.

कर्णिकांनी फाइल मिटली. शिफारशीचं पान त्यांनी उलटलंच नव्हतं.

"सभासदहो, हे आपलं अपयश आहे," ते म्हणाले. "आपण संघाला इतकी तुटपुंजी मदत केली, की पाच वर्षांत परिसराच्या पदरात काहीच पडलं नाही."

दहा मिनिटांत ठराव झाला. मदत तिप्पट. मासळीवाल्यांची जागा गाड्यांसाठी कायमची. एरवी प्रत्येक कागदावर भांडणाऱ्या विरोधी सदस्यांनीही हात वर केले.

रत्नप्रभाने कर्णिकांना जिन्यात गाठलं. "सर, मदत बंद करा म्हणून लिहिलंय मी! तुम्हाला हेच करायचं होतं, तर त्या कन्सल्टंटकडूनच लिहून घ्यायचं होतंत. मला कशाला उन्हातान्हात फिरवलंत?"

"तो नेहमी फायदाच दाखवतो हो. आणि फायदा होतोय म्हटल्यावर मदत वाढवून मागायची कशी?" कर्णिकांनी आपुलकीने तिच्याकडे पाहिलं. "आम्हाला अपयश हवं होतं, परबबाई, आणि ते सगळ्यांना पटेल असं लिहिणारं माणूस आपल्या मंडळात एकच आहे."