बिनआवाजाचा कॉल

आठवडाभर झाला, आचल रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून खोलीचं दार लोटून घ्यायची आणि आतून आवाज मात्र एकही यायचा नाही. खिदळणं ऐकू आलं असतं, तर तिच्या वडिलांना, नत्थुजींना, एवढा संशय आला नसता. पोरीच्या एम.ए.साठी गाव सोडून अमरावतीत खोल्या घेतल्या, अन् पोरगी हे करून राहिली! उद्याच सोयरीक पाहायला सांगतो, असं ठरवून त्यांनी दाराच्या फटीला डोळा लावला. पुस्तकांना टेकवलेल्या मोबाईलमध्ये एक पोरगा मान खाली घालून बसला होता.

ते धाडकन आत शिरले. "कोण हाय हा? अन् बोलत काहून नाही तुमी?"

"वर्गातला सौरभ हाय बाबा, अकोल्याचा," आचल पेन न थांबवता म्हणाली. "एकटी बसली का मी उद्या लिहू, उद्या लिहू करते. त्याचंही तसंच हाय. समोर कोणी पाहून राहिलं, का प्रोजेक्ट पुढं सरकते. म्हणून आवाज बंद ठेवून लिहत बसतो आमी."

नत्थुजींना काही पटेना. चष्मा लावून ते मोबाईलवर वाकले. पोरगा खरंच लिहीत होता.



त्याच्या मागचं दार मात्र बोटभर उघडं होतं, आणि डोक्यावरचा पदर सावरत एक बाई त्या फटीला डोळा लावून उभी होती.