डब्या, सांग तिला

“डबा न्यायचा न्हाई,” छबूबाई म्हणाली आणि वायरलेसचा सेट पदराखाली घेऊन उंबऱ्यातच बसली.

सूर्यभानने हातातल्या कागदाची पुन्हा घडी घातली. तो पाटबंधारे खात्याचा वायरलेस मेकॅनिक. खर्ड्याहून चिखलात सायकल रेटत आला होता, तो काही वाद घालायला नाही. दुष्काळी कामावर बांधलेल्या इथल्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, कच्ची होती, म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर खात्याने दोन सेट दिले होते. एक वर पाळेजवळच्या छबूबाईकडे, दुसरा खाली ओढ्याकाठच्या गोजरबाईकडे. दोन्ही घरांमध्ये खोल घळ, त्यामुळे रस्त्याने जायचं तर दीड मैल. पाळेला काही झालं तर खालच्यांना वेळेत कळावं, एवढाच हेतू. आता खात्याला सेट परत हवे होते.

खरं तर सूर्यभानलाही वाईट वाटत होतं. साऱ्या तालुक्यात रोज सकाळी आठला न चुकता बोलणारी ही दोनच घरं. छबूबाई दर बोलण्याची भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची. भिंत काळी होत आली होती. बाकी ठिकाणची मंडळी सेल द्या, सेल द्या म्हणून त्याचा जीव खायची. या दोघींनी एकदाही मागितले नव्हते. वस्तू जपून वापरावी ती बायकांनीच, असं तो कचेरीत कौतुकाने सांगायचा.

दोघी सख्ख्या जावा. एकेकाळी कामं करता करता घळीच्या अल्याड-पल्याड हाका मारून गप्पा हाणायच्या. मग छबूबाईच्या लेकीच्या लग्नात मानाच्या साडीवरून बिनसलं आणि चार वर्षं अबोला. अबोला धरलेल्या बायकांना बोलायचं झालंच तर त्या चुलीला नाहीतर मांजराला सांगतात. जिला ऐकायचं ती ऐकते. सेट आला आणि मांजराची गरज उरली नाही. “डब्या, सांग तिला,” अशी सुरुवात केली की बोलणंही व्हायचं आणि अबोलाही मोडत नसे. सूर्यभानने शेवटी ‘ओव्हर’ म्हणायला शिकवलं होतं, ते दोघींनी कानाआड केलं.

“मावशी, सरकारी वस्तू आहे ती,” तो पुन्हा समजावू लागला. तेवढ्यात छबूबाई ताडकन उठली.

रात्री डोंगरावर पाऊस झाला होता. तलाव काठोकाठ भरला होता. पाळेच्या पोटातून गढूळ पाण्याची धार सुटली होती, मनगटाएवढी. बघता बघता ती मांडीएवढी झाली.

छबूबाई घळीच्या कडेला धावली. खाली गोजरबाईचं घर दिसत होतं. अंगणातल्या खाटेवर तिचा नवरा सहादेव पाय मोडून पडला होता. छबूबाईने बटण दाबलं.

“डब्या, सांग तिला, पाळ फुटतिया! घर सोड म्हनावं!”

“ओरडू नका, मावशी. यंत्र आहे,” सूर्यभान सवयीने म्हणाला.

खाली गोजरबाई आपला डबा तोंडाशी धरून अंगणात आली. उत्तर आलं, “डब्या, सांग तिला, गेल्या साली बी असंच पळवलं हुतं. दीसभर भिजत माळावर बसलो, आन् पाळ हाय तशीच!”

“डब्या, सांग तिला, आवंदा खरं हाय!”

“डब्या, इचार तिला, कशावरून?”

पाळेचा बैलगाडीएवढा लचका सुटला. छबूबाईने हातातल्या डब्याकडे एकदा पाहिलं आणि तो चिखलात टाकून दिला.

“गोजरेऽ! अगं गोजरे, भावजीला घे आन् पळ!”

गोजरबाई जागच्या जागी थबकली. आपलं नाव त्या तोंडून तिने चार वर्षांत ऐकलं नव्हतं. मग तिने काही विचारलं नाही. नवऱ्याला पाठुंगळी घेतलं आणि माळाची वाट धरली.

पाणी आलं आणि गेलं. गोठा गेला, खाट गेली, घराची एक भिंत तेवढी राहिली. समोरच्या माळावरून हाक आली, “आक्काऽ, हाय गं आमी! दोघं बी हाय!”

छबूबाई मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

सूर्यभानने चिखलातला सेट उचलला. काही मोडलं का, ते बघायला मागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हते. नुसता गंज होता.

“मावशी, सेल कुठायत?”

“ते दिवाळीतच संपलं.”

“आणि खालच्या सेटचे?”

“तिचं तर दसऱ्याच्या आदीच.”

सूर्यभानने भिंतीकडे पाहिलं. रोज एक धरली, तर दिवाळीनंतरच्या रेघाच जास्त होत्या.

“मग इतके दिवस तुम्ही बोलत होता कशावर?”

छबूबाईने पदराने डोळे पुसले. पलीकडे गोजरबाई हात हलवत होती, तिने इकडून हात हलवला.

“न्या तो डबा, साहेब,” ती म्हणाली. “आता न्हाई लागायचा.”