डावीकडे खेचणारं पिस्तूल

"हे डावीकडे खेचतं, आधीच सांगतो," आमच्या क्लबचे जुने नेमबाज शिंत्रे सर म्हणाले. "नेम धरायची साइट उजवीकडे फिरवून फिरवून थकलो. म्हणून तर अर्ध्या किमतीत विकायला काढलंय."

नवं एअर पिस्तूल आमच्या ऐपतीबाहेरचं होतं आणि राज्य स्पर्धा वीस दिवसांवर आली होती. पप्पांना शेजारी घेऊन मी रेंजवर उभी राहिले आणि कागदी टार्गेटवर पाच छर्रे मारले. पाचही एकाच भोकातून गेले, पण काळ्या वर्तुळाच्या पार उजव्या कडेला.

पिस्तूल जरासुद्धा खेचत नव्हतं. साइट जिकडे फिरवली होती, तिकडेच ते इमानाने मारत होतं. खेचत होता तो सरांचा हात. हे त्यांच्या लक्षात आलं, तर ते कशाला विकतील?

"अहो, हे तर उजवीकडे मारतंय! अजून थोडे कमी करा," पप्पा म्हणाले. मी त्यांच्या पायावर हळूच पाय दिला.

सर टार्गेट हातात घेऊन कितीतरी वेळ त्या एका भोकाकडे बघत राहिले. "तू साइटला हात लावलास?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही, सर."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, साइट स्वतःच मधोमध आणली आणि पिस्तुलाची पेटी माझ्याकडे सरकवली. "दोन वर्षं बिचाऱ्याला शिव्या घातल्या."

पप्पांनी पैसे पुढे केले. सरांनी ते डाव्या हाताने घेतले. उजवा त्यांनी खिशात घातला होता, तो बाहेर काढलाच नाही.