पाणी आलं की

प्रोबेशन ऑफिसर देवकुळे बाईंनी ओट्यावर बसून फॉर्म उघडला आणि दर महिन्याचाच प्रश्न विचारला, "घडलेलं काही आठवतं का हो तिला?"

"काहीच नाही," रेणूची आई शेवंता घाईघाईने म्हणाली. हो म्हटलं असतं, तर पोरीला परत सुधारगृहात नेऊन तिची आठवण दुसऱ्यांदा पुसली असती.

पहिल्यांदा पुसली, तेव्हा गुन्ह्याबरोबर भाऊही पुसला गेला. रागाच्या भरात तिनेच टाकीत ढकललेला, बुडून मेलेला चार वर्षांचा ओंकार पंधरा वर्षांच्या रेणूला आता माहीतच नव्हता. त्याचे फोटो, कपडे, सगळं शेवंताने कायद्याप्रमाणे जमा केलं होतं.

तेवढ्यात नळाला चार दिवसांनी पाणी आलं. रेणूने अंगणातल्या टाकीचं झाकण सरकवलं, पाइप आत सोडला आणि डावा हात खाली, थोडा मागे धरला. मूठ सैल मिटलेली, लहान मनगट धरावं तशी.

"मागे हो रे, पडशील," ती म्हणाली.

अंगणात दुसरं कुणी नव्हतं.

बाईंचं पेन थांबलं. "कुणाशी बोलतेस गं?"

रेणूने आपल्या मुठीकडे पाहिलं. "काय माहीत. पाणी आलं की असंच होतं."

बाईंनी फॉर्मकडे पाहिलं. मग 'स्मृती शिल्लक नाही' असं लिहून त्यांनी पेनाला टोपण लावलं, चपला घातल्या आणि फाटकाकडे निघाल्या.

रेणूच्या हाताजवळ आल्यावर त्या थबकल्या आणि त्या रिकाम्या जागेला वळसा घालून पुढे गेल्या.