सरळ अक्षरं

परतूरच्या फ्लेक्सच्या दुकानात सुमितनं केशरबाईला कॉम्प्युटरसमोर बसवलं. तिच्या मुलाच्या, संदेशच्या पहिल्या स्मृतिदिनाला गावातल्या पोरांनी धावण्याची स्पर्धा ठेवली होती. बॅनर छापायच्या आधी तिनं तो एकदा बघावा, असं संदेशचा मित्र असलेल्या सुमितला वाटत होतं.

दुकानदार हरिओमनं 'कालकथित संदेश' ही अक्षरं टोकदार आणि पुढं झुकलेली टाकली होती.

"स्पोर्टच्या बॅनरला हाच फॉन्ट शोभतो, मावशी. नाव कसं पळाल्यासारखं वाटतं."

सुमितलाही ते आवडलं. केशरबाईनं मात्र स्क्रीनवरच्या त्या झुकलेल्या नावावर बोट ठेवलं.

"पोलीस भरतीच्या ग्राउंडवर शेवटच्या फेरीला तो असाच पुढं वाकून पळत होता," ती म्हणाली. "तूच सांगितल्तं ना रे, सुमित?"

"हो," सुमित म्हणाला.

"मंग तिथंच पडला. उठलाच न्हाई." ती हरिओमकडं वळली. "त्याचं नाव सरळ उभं कर, बाबा. असं वाकलेलं बघितलं की वाटतं, आता पडंल पुन्हा."