मानाचं काम

हाडं ठिसूळ होतायत म्हणून डॉक्टरांनी आईला वजनं उचलायला सांगितलं आणि ती जिमला जायला लागली. वर्षभरात तिची गुडघेदुखी पळाली, शुगर ताळ्यावर आली आणि बाबांचं बिनसलं.

कारण रिटायर झाल्यापासून घरात त्यांच्याकडे एकच मानाचं काम उरलं होतं. "अहो, हे झाकण जरा उघडून देता का?" अशी हाक आली की ते बाह्या सरसावून थाटात स्वयंपाकघरात जायचे. आता आई मानेत फोन धरून, मावशीशी गप्पा मारता मारता कॉफीची बरणी सहज उघडते.

परवा बाबा आपणहून म्हणाले, "मीही येतो जिमला." आईला कोण आनंद! दोघांना सोडायला मीच गेले.

ट्रेनरने विचारलं, "काका, काय कमी करायचंय? पोट, शुगर की बीपी?"

आई लांब आहे ना, हे बाबांनी पाहिलं. मला डोळ्यांनीच दटावलं आणि ट्रेनरच्या कानाशी लागले.



"ते सगळं राहू दे. मनगटात एवढी ताकद आण, की मी लावलेलं झाकण हिला उघडता येता कामा नये."