थर्स्टनने मागून घेतलेलं सोंग

या, असे जवळ सरकून बसा. एका आडनावाची गोष्ट ऐका. देवाच्या अंगणात घडलेली आहे, म्हणून गोड आहे.

"डेव्हिलची पोर आमच्या घरात? एंजलच्या घरात?" लेकीचं स्थळ घेऊन आलेल्या ओस्बर्ट कुंभाराला इडोनियाने दारातूनच विचारलं. "गावभर हसं होईल आमचं!"

ओस्बर्ट मान खाली घालून परत फिरला. इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या त्या खेड्यात तेव्हा आडनावं नुकती कुठे रुजत होती. दर सणाला चर्चच्या अंगणात गावकरी बायबलमधल्या कथा गाऊन उभ्या करायचे. ज्याने जे सोंग घेतलं, ते त्याचं मरेपर्यंत, आणि घरालाही तेच नाव. दुसऱ्या कुणी आपणहून मागून घेतलं तरच सोंग सुटायचं, आणि मागणाऱ्याचं सोंग बदल्यात मिळायचं. पण सैतान, म्हणजे डेव्हिल, कोण मागून घेणार? ओस्बर्टने तरी कुणीच पुढे येईना म्हणून घेतलेला. इडोनियाचा नवरा थर्स्टन सुतार मात्र देवदूत, म्हणजे एंजल. तो गायला लागला की म्हाताऱ्यांचे डोळे भरून यायचे. आता ओस्बर्टच्या लेकीचा, एमोटचा जीव थर्स्टनच्या मुलावर, राल्फवर जडला होता, आणि मध्ये आडवं आलं होतं ते नाव.

सणाच्या सकाळी ओस्बर्ट शिंगांचा मुखवटा मांडीवर घेऊन बसून होता. आत एमोट मुसमुसत होती. थर्स्टन आला. त्याने पाठीवरचे पिसांचे पंख सोडले आणि ओस्बर्टच्या पाठीला बांधायला घेतले.

"अरे, वेड लागलं का तुला? मला गाता कुठे येतं?"

"बेसूर गा. देव घेईल ऐकून. तो मुखवटा दे इकडे, मी मागतोय."

त्या वर्षी देवदूत असा रेकला, की पाद्रीबाबांनी डोळे मिटून घेतले. आणि सैतान इतका गोड गायला, की नरकाचं दार उघडलं तरी लोक जागचे हलेनात.

नाटक संपताच इडोनियाने नवऱ्याला गाठलं. "अहो, काय करून बसलात हे? आता लोक मला काय म्हणतील?"

"डेव्हिलची बायको," थर्स्टन घाम पुसत म्हणाला. "आता तूच जा ओस्बर्टकडे. एंजलची लेक आपल्यासारख्यांच्या घरात द्यायला तयार आहे का, विचारून बघ."

इडोनिया आधी रागावली, मग हसली. संध्याकाळी चीजचा मोठा गोळा फडक्यात बांधून ती कुंभाराच्या दाराशी उभी राहिली.

त्या घराण्यातलं कुणी तुम्हाला कधी भेटलं, तर डेव्हिल हे नाव ऐकून दचकू नका. पोरांच्या लग्नासाठी ज्याने आपले पंख उतरवून दिले, त्या थर्स्टनची तेवढी आठवण करा.